कोल्का दरी आणि अँडीजमधली उंचावरची गावं: एक दिवस पुरेल का?

कातळवाट | १४ जानेवारी

नमस्कार मंडळी,

येत्या ऑगस्टमध्ये मी आणि माझा धाकटा भाऊ पाठीवर सॅक टाकून पेरू आणि बोलिव्हियाला निघतोय. हातात तेवीस दिवस आहेत. मी ४९ वर्षांची, भाऊ ४४ चा. दोघंही नाशिकचे. महिन्यातले दोन रविवार तरी कुठल्या ना कुठल्या गडावर जातात, त्यामुळे चालण्याची काळजी नाही.

आतापर्यंत ठरवलंय ते असं: मुंबईहून लिमा. दुसऱ्याच दिवशी विमानाने कुस्को. तिसऱ्या दिवशी विनिकुंका, म्हणजे तो रंगीत पट्ट्यांचा डोंगर. मग माचू पिच्चू, पुनो आणि तितिकाका सरोवर, ला पाझ, उयुनीचं मिठाचं वाळवंट. परतताना अरेकिपा, आणि तिथून कोल्का दरीची एक दिवसाची सहल. गाडी पहाटे तीनला हॉटेलवरून घेते आणि संध्याकाळी आणून सोडते म्हणे.

जाऊन आलेल्यांनी सांगा, फार घट्ट बसवलंय का? भाऊ म्हणतो कोल्का वगळू या, दरीच तर आहे, आपण सांदण तीनदा केलीय. आम्ही दोघंही शाकाहारी आहोत, त्याबद्दलही सांगा.

हिमशिखा | १४ जानेवारी

कातळवाट, तुमची पहिली तीन ओळींची आखणी वाचून लगेच लिहायला बसले. मी फिजिशियन आहे आणि दरवर्षी लेहला जाणाऱ्या ओळखीच्या चार-पाच जणांना तरी हेच सांगत असते.

लिमा समुद्रकाठी आहे. कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर, म्हणजे जवळपास लेहइतकं. तुम्ही तासा-दीड तासात तिथे पोचणार आणि दुसऱ्या दिवशी ५,००० मीटरच्या वर चढायला जाणार. हे करू नका. शरीराला विरळ हवेची सवय व्हायला दिवस लागतात. श्वास खोल आणि भराभर व्हावा लागतो, त्यामुळे रक्ताचा समतोल बदलतो, तो मूत्रपिंडांना सावरून घ्यावा लागतो. हे काम घाई करून लवकर उरकत नाही.

सर्वसाधारण नियम असा: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वर सरकवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं. दिवसा वर जाऊन यायला हरकत नाही, मुक्काम खाली हवा.

आणि एक गोष्ट खास गडकऱ्यांसाठी. उत्तम दमसास असला म्हणजे उंचीचा त्रास होत नाही, हा गैरसमज आहे. कळसूबाई १,६४६ मीटर. आपल्या सगळ्या सह्याद्रीत उंचीच्या आजाराची परीक्षा होतच नाही. उलट तंदुरुस्त माणसं जोरात चढतात, डोकेदुखीकडे दुर्लक्ष करतात आणि जास्त अडचणीत येतात.

गोळीबद्दल विचाराल म्हणून सांगते. अ‍ॅसिटाझोलामाइड प्रतिबंधासाठी साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून घेतात. लघवी जास्त होते, बोटांना मुंग्या येतात, सोड्याची चव बिघडते. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हात लावू नका. खरं तर कुणीच विचारल्याशिवाय घेऊ नये.

डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं, भूक मरणं, इथपर्यंत थांबायचं, वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, खोकला सुरू झाला, बोलणं असंबद्ध झालं किंवा टाचेला पंजा लावून सरळ रेषेत चालता येईना, तर त्याच क्षणी खाली उतरायचं. रात्र असली तरी.

दूरदेशी | १५ जानेवारी

हिमशिखाताईंनी जे लिहिलंय त्याच्याशी शंभर टक्के सहमत. मी कामानिमित्त दोन वर्षं अरेकिपात राहिलो. तुमचा आराखडा वाचून एकच सुचवावंसं वाटतं: तो उलटा करा. शेवटी ठेवलेलं अरेकिपा पहिलं घ्या.

अरेकिपा २,३३५ मीटरवर आहे. तिथे दोन-तीन रात्री काढल्या की शरीर कामाला लागतं आणि त्रास जवळजवळ होत नाही. शहरही त्या लायक आहे. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या पांढऱ्या दगडात, त्याला सियार म्हणतात, अख्खी जुनी वस्ती बांधलेली आहे. डोक्यावर ५,८२२ मीटरचा मिस्ती ज्वालामुखी उभा असतो, अगदी कुणी चित्रात काढावा तसा शंकूसारखा. १५७९ साली स्थापन झालेला सांता कातालिना मठ म्हणजे भिंतीआड लपलेलं एक गावच आहे, त्यात गल्ल्या आहेत, चौक आहेत, निळ्या आणि विटकरी भिंती आहेत. तिथे अर्धा दिवस सहज जातो.

मग कोल्का, मग पुनो, मग बोलिव्हिया आणि शेवटी कुस्को. असं गेलात तर २,३३५ वरून पायरी पायरीने वर जाल आणि कुस्कोला पोचाल तेव्हा तीच उंची सोपी वाटेल. माचू पिच्चू तर २,४३० मीटरवरच आहे, म्हणजे कुस्कोहून जवळपास हजार मीटर खाली. लोकांना उलटं वाटत असतं.

आता एका दिवसाच्या सहलीबद्दल. मी ती एकदा पाहुण्यांसाठी केली आणि पुन्हा कधीच केली नाही. पहाटे तीनला निघायचं, झोपेत ४,९१० मीटरच्या पातापांपा खिंडीतून जायचं, कोंडोर, म्हणजे अँडीजमधली मोठी गिधाडं, जिथून दिसतात त्या क्रूस देल कोंदोरला गर्दीत तासभर उभं राहायचं, गरम पाण्याच्या झऱ्यात पाय बुडवायचे आणि परत तीच खिंड. आमच्यातले दोघं येताना पूर्ण वेळ पिशवी धरून बसले होते. दरी पाहिली असं म्हणता येतं, पण दरीत कुणी पाय ठेवलेला नसतो.

तुमच्या भावाला सांगा, दरी वगळायची नाही. वाटल्यास उयुनी वगळा.

पायवाट | १५ जानेवारी

कोंडोरबद्दल थोडं. सकाळी आठ ते दहा ही वेळ. ऊन पडून दरीतली हवा तापली की ती वर चढते आणि त्या वरच्या झोतावर हे पक्षी पंख न हलवता उचलले जातात. पंखांचा पसारा तीन मीटरच्या वर, म्हणून जड शरीर पंख मारून उचलणं त्याला महागात पडतं. क्रूस देल कोंदोरच्या कठड्यापाशी नदी सुमारे १,२०० मीटर खाली असते, आणि पक्षी आधी पायाखाली दिसतो, मग डोळ्यांसमोर, मग डोक्यावर. मी दोन सकाळी गेलो. पहिल्या दिवशी एकही नाही, दुसऱ्या दिवशी सात. दरीकाठच्या कबानाकोंदे गावात मुक्काम असेल तरच अशी दुसरी सकाळ मिळते.

कातळवाट | १६ जानेवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. हिमशिखाताई, तुमचा प्रतिसाद भावाला मोठ्याने वाचून दाखवला. विनिकुंका सध्या रद्द. उयुनीवर घरात चर्चा सुरू आहे.

दूरदेशी, कबानाकोंदे कसं आहे? दरीत उतरायला वाटाड्या लागतो का?

दूरदेशी | १७ जानेवारी

कबानाकोंदे ३,२८७ मीटरवर, दरीच्या काठावरचं शेवटचं मोठं गाव. अरेकिपाहून बसने साधारण सहा तास, वाटेत चिवाय लागतं. गावात चौक, चर्च, दहा-पंधरा साधी हॉस्पेदाहे, म्हणजे घरगुती मुक्कामाच्या जागा. रोकड मात्र अरेकिपातूनच नेलेली बरी, सुट्ट्या सोलांसकट, सोल हे तिथलं चलन. दरीत मोठी नोट कुणी मोडून देत नाही. परदेशी माणसाला कोल्कात शिरताना प्रवेशाचं तिकीट घ्यावं लागतं, मी होतो तेव्हा ते ७० सोल होतं.

वाट ठळक आहे, वाटाड्याशिवाय लोक जातात. नेहमीचा फेरा असा: पहिल्या दिवशी सान मिगेलच्या कठड्यापासून उतरून नदीवरचा पूल ओलांडून सान हुआन दे चुक्चो. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या उतारावरून कोस्निऱ्हुआ आणि मालाता ही गावं करत संगाये. तिथे खजुराची झाडं आणि पोहायचे हौद आहेत, उंची सुमारे २,२०० मीटर. तिसऱ्या दिवशी पहाटे अंधारात निघून थेट कबानाकोंदे, म्हणजे जवळजवळ १,१०० मीटरची सलग चढण. घाईतली मंडळी हे दोन दिवसांत करतात. तुम्ही तीन घ्या, जमलं तर चार, म्हणजे यावार गावाच्या नदीकाठच्या गरम झऱ्यांनाही जाता येईल.

उंचीच्या दृष्टीने कोल्काचा एक मोठा फायदा आहे जो पटकन लक्षात येत नाही. खिंडीत तुम्ही ४,९१० मीटरला जाता, पण झोपता ३,२८७ ला आणि मग २,२०० ला. वर जाऊन खाली झोपणं आपोआप घडतं.

मीठभाकर | १९ जानेवारी

शाकाहाराचं कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. माझा नवरा लसूणसुद्धा नको म्हणणाऱ्यांतला, तरी आम्ही महिनाभर व्यवस्थित जेवलो.

पहिली गोष्ट, 'सिन कार्ने' म्हणजे 'मांस नको' एवढंच म्हणून भागत नाही. कार्ने म्हणजे त्यांच्या लेखी लाल मांस. चिकन येऊ शकतं. 'नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो' म्हणजे 'मी मांस, कोंबडी, मासे खात नाही', हे वाक्य पाठ करा, आणि सूप आलं की ते कशाच्या पाण्यात उकळलंय ते विचारा. भाजीचं सूप हाडांच्या पाण्यात केलेलं असतं. दुपारी प्रत्येक खानावळीत 'मेनू' मिळतो, सूप, मुख्य ताट आणि पेय, स्वस्तात. तिथे भात, बटाटा, तळलेलं अंडं सांगितलं की देतात. अरेकिपाचं सोल्तेरितो आवर्जून खा. ताजं चीज, मोठे वालासारखे दाणे, मका, कांदा, टोमॅटो, ऑलिव्ह आणि रोकोतो मिरची घालून केलेली कोशिंबीर. रोकोतो दिसायला ढोबळी मिरचीसारखी गोंडस आणि तिखटाला आपल्या लवंगीसारखी, तेव्हा जपून.

दुसरी गोष्ट मला तिथे बाजारात उभी असताना जाणवली आणि फार आत पोचली. आपला उपासाचा फराळ जवळपास सगळा त्या खंडातून आलेला आहे. बटाटा अँडीजचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. रताळं अमेरिकेचं. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावाही तिथलाच. आणि राजगिरा! अरेकिपाच्या बाजारात एका बाईंच्या पाटीत मला हुबेहूब राजगिऱ्याची वडी दिसली. त्या त्याला किविचा म्हणतात. दाणा फुलवून मधात किंवा गुळासारख्या काकवीत थापलेला. माझी आई एकादशीला करायची तीच वडी, तोच वास. मी त्यांना खुणांनी सांगायचा प्रयत्न केला की आमच्याकडे हे देवासाठी करतात. त्यांनी आणखी एक तुकडा हातावर ठेवला आणि पैसे घेतले नाहीत.

बटाटा हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. तिथे मात्र तो 'पापा', कारण केचुआत, म्हणजे तिथल्या मूळच्या भाषेत, तोच शब्द आहे. चुन्यो नक्की पाहा. जूनच्या कडाक्याच्या रात्री बारीक बटाटे माळावर पसरतात, गोठतात, सकाळी पायाने तुडवून पाणी काढतात, उन्हात वाळवतात. वर्षानुवर्षं टिकतात. आपण मे महिन्यात उन्हाचं वाळवण करतो, ते थंडीचं वाळवण करतात.

पायवाट | १९ जानेवारी

वा! किविचा आणि राजगिरा हे डोक्यातच आलं नव्हतं.

कागदपत्रांबद्दल एक महत्त्वाचं. पेरू आणि बोलिव्हियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं. नसेल आणि तिथून निघून सहा दिवस झाले नसतील तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच, आणि वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. एकदा घेतली की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. पिवळी पुस्तिका पासपोर्टलाच अडकवून ठेवा.

आणि कोकाची पानं, म्हणजे ज्यांपासून कोकेन करतात ती. तिथे ती कायदेशीर आहेत, हॉटेलात पाहुण्याला पहिला तोच चहा देतात, लोक त्यांना पवित्र मानतात. पण परत येताना सॅकच्या कुठल्याही कप्प्यात एकही पान राहता कामा नये. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कोकाचं पान येतं. चहाची पुडीसुद्धा नाही. तिथल्या डोंगरी पुदिन्याचा, मुन्याचा चहाही पोटाला छान असतो, ज्यांना कोका नको त्यांनी तो घ्यावा.

पाटकरी | २ फेब्रुवारी

हा धागा उशिरा पाहिला. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. धुळे-नाशिक भागात बरीच वर्षं काढली. दक्षिण अमेरिकेला मी कधी गेलो नाही, पण कोल्का खोऱ्यातल्या पाण्याबद्दल गेली काही वर्षं मिळेल ते वाचतोय, त्यामुळे राहवलं नाही.

त्या दरीच्या दोन्ही काठांवर डोंगर कापून केलेली पायऱ्यांची शेतं आहेत, त्यांना आंदेनेस म्हणतात. त्यातली पुष्कळ इंकांच्याही आधीची. तिथे पाऊस डिसेंबर ते मार्च एवढाच, बाकी वर्षभर बर्फाच्या पाण्यावर भागवायचं. कबानाकोंदेचं पाणी ६,०२५ मीटरच्या उआल्का उआल्का शिखरावरून येतं आणि गाव त्या डोंगराला देव मानतं. पाळीप्रमाणे पाणी वाटणाऱ्या माणसाला तिथे रेहिदोर म्हणतात. वाचलं आणि मला आपल्या पांझरा आणि मोसम नदीवरची फड पद्धत आठवली. तिथला पाटकरी हेच करतो. सगळ्यांचं पीक ठरवून, सगळ्यांचं पाणी मोजून. म्हणूनच मी हा आयडी घेतला आहे.

आता जी गोष्ट सांगायला लिहायला बसलो ती. १९७० च्या दशकात सरकारने माहेस प्रकल्प हाती घेतला. कोल्का नदीचं पाणी बोगदे आणि कालव्यांतून खाली किनाऱ्याजवळच्या वाळवंटात नेऊन तिथे नवी शेती उभी करायची. कालवा कबानाकोंदेच्या शेतांच्या वरून गेला. गावाच्या डोळ्यांसमोरून पाणी वाहत होतं आणि गावाला त्यातला थेंब नव्हता. १९८३ मध्ये मोठा दुष्काळ पडला. मक्याची शेतं जळायला लागली. अर्ज-विनंत्या करून झाल्यावर गावातल्या अकरा जणांनी कालवा फोडला आणि पाणी शेतात घेतलं. पोलीस आले तेव्हा सगळं गाव पुढे उभं राहिलं. शेवटी सरकारला कालव्यातून गावाला रीतसर पाणी द्यावं लागलं. त्या अकरा जणांना गाव आजही वीर मानतं.

मी आयुष्यभर कालव्याच्या खात्याच्या बाजूने उभा राहिलेला माणूस आहे. कालवा फोडला अशी तक्रार आली की मला राग यायचा. ही हकीकत वाचून मी बरेच दिवस अस्वस्थ होतो. धरणाच्या पाण्याचा हिशेब कागदावर बरोबर असतो, पण कालव्याकाठच्या कोरड्या शेतात उभं राहून तो वाचायला हवा, हे मला नोकरीत असताना कुणी सांगितलं नाही.

गंमत म्हणजे त्या प्रकल्पासाठी जे रस्ते काढले त्यांच्यावरूनच पुढे पर्यटक कोल्कात पोचले. तुम्ही ज्या रस्त्याने जाल तो बहुधा कालव्याने आणलेला आहे. ताई, जाणार असाल तर कबानाकोंदेची शेतं पाहा आणि पाट कसे बांधलेत ते सांगा. ऑगस्टमध्ये त्या खोऱ्यात पाट साफ करायचं काम निघतं, तोच महिना तुम्ही धरलाय.

कातळवाट | ३ फेब्रुवारी

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. भावाने उयुनी रद्द केलं. कबानाकोंदेला पाच रात्री धरल्यात.

कातळवाट | ७ सप्टेंबर

परत आलो. सगळ्यांना आधी वृत्तांत द्यायचा होता, ऑफिसात पोचायच्या आत लिहिते.

अरेकिपात तीन रात्री राहिलो. मठ पाहिला. संग्रहालयातली हुआनिताही पाहिली. १९९५ मध्ये आंपातो शिखरावर, शेजारच्या साबांकाया ज्वालामुखीच्या राखेने बर्फ वितळल्यावर सापडलेली ती इंकाकालीन मुलगी, वय फार तर बारा ते पंधरा. पाचशेहून जास्त वर्षांपूर्वी डोंगराला अर्पण केलेली. काचेमागे गुडघे पोटाशी घेऊन बसलेली आहे, नखं दिसतात, केस दिसतात. मी दोन मिनिटांत बाहेर आले. तिला तिथे ठेवावं की डोंगरावरच राहू द्यायला हवं होतं, यावर मी आणि भाऊ रात्री बराच वेळ बोललो. माझं मत, तिला परत नेऊन ठेवावं. भावाचं मत, मग आपल्याला ती कळलीच नसती.

मग आमच्याकडून एक चूक झाली. दूरदेशींनी थेट कबानाकोंदे सांगितलं होतं, आम्ही वाटेत चिवायला एक रात्र थांबायचं ठरवलं, बाजार पाहायला. चिवाय ३,६३५ मीटरवर. म्हणजे अरेकिपाहून एकदम १,३०० मीटर वर झोपलो. पातापांपा खिंडीत भाऊ गाडीतून उतरून फोटो काढायला धावत गेला होता. संध्याकाळी त्याचं डोकं ठणकायला लागलं, रात्री दोनदा उलटी झाली. मी हिमशिखाताईंची यादी उघडून बसले होते. श्वास ठीक, खोकला नाही, बोलणं ठीक, खोलीत फरशीच्या रेघेवरून चालवून पाहिलं, चालला. पाणी, विश्रांती, वर जायचं नाही. सकाळी पहिल्या कोम्बीने, म्हणजे तिथल्या छोट्या बसने, कबानाकोंदेला उतरलो. दुपारपर्यंत त्याला भूक लागली आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला. ताई, त्या रात्री मला घाबरायचं कधी आणि घाबरायचं नाही कधी हे ठाऊक होतं, ते केवळ तुमच्यामुळे.

दोन दिवस गावात काढून मग दरीत. सान मिगेलच्या कठड्यावरून खाली पाहिलं तर नदी म्हणजे हिरवी दोरी. पलीकडच्या उतारावर गावं चिकटवल्यासारखी. गड चढताना जोर ताजा असतो आणि उतरताना गुडघे रडतात. इथे गुडघे आधी संपतात आणि चढण शेवटी राहते. सांदणमध्ये थोडं तसंच असतं, पण सांदण एका दिवसात सोडते. ही दरी तीन दिवस सोडत नाही. जसजसं उतरू तसा एकेक कपडा काढत गेलो. वर पहाटे पाण्यावर बर्फाची साय होती, खाली अंजिरं आणि अव्होकॅडो लागलेले होते.

सान हुआनला मातीच्या विटांच्या खोलीत राहिलो. स्वयंपाकघरात चुलीजवळ गिनीपिग पळत होते, ते पाळीव नसून जेवणासाठी आहेत हे भावाला कळल्यावर तो गप्प झाला. घरच्या आजींनी आमच्यासाठी किन्वाचं सूप आणि पापाच केले, आणि शेजारणीला बोलावून दाखवलं की बघ, ही माणसं कोंबडीसुद्धा खात नाहीत. तिच्या चेहऱ्यावर आमच्याबद्दल खरीखुरी काळजी होती.

मालाताच्या वाटेवर साबांकायाचा राखेचा फुलोरा दिसला. २०१६ पासून तो धुमसतोय. गावकरी मान वर करून बघतही नाहीत. पण त्याच खोऱ्यातलं माका हे गाव भूकंपांनी आणि खचणाऱ्या जमिनीने वर्षानुवर्षं हलतंय, तिथून बसने जाताना रस्त्याचे तुकडे पडलेले दिसले, तेव्हा त्या शांतपणाचा अर्थ वेगळा लागला.

शेवटची चढण. चारला निघालो, कपाळावर दिवे. वर बघितलं की आमच्या पुढच्यांचे दिवे ताऱ्यांत मिसळलेले. वीस पावलं आणि थांबा, वीस पावलं आणि थांबा. खेचरं भाड्याने मिळतात, एक बाई रडत बसली होती ती नंतर खेचरावर गेली आणि बरंच झालं. आम्हाला पावणेचार तास लागले. वर पोचल्यावर भाऊ म्हणाला, ताई, मी 'दरीच तर आहे' म्हणालो होतो ना, तो शब्द मागे घेतो.

पाटकरीकाका, आता तुमचं. त्याच दिवशी दुपारी झोपून उठलो तर गावात कुदळी-फावडी घेऊन माणसं निघालेली. पाट साफ करायला. हॉस्पेदाहेच्या मालकीणबाईंनी विचारलं, येता का? गेलो. दगडांनी बांधलेला पाट, कुठे हातभर रुंद, कुठे दोन हात. प्रत्येक घराचा माणूस आणि प्रत्येकाला नेमून दिलेला तुकडा. काम सुरू करण्याआधी कोकाची पानं आणि मक्याची चिचा, म्हणजे आंबवलेलं पेय, पाटाच्या तोंडाशी जमिनीला दिली, डोंगराकडे तोंड करून. मग गाळ काढणं, मग वाद्यं. आम्ही दोघांनी तासभर गाळ उपसला, त्यावर सगळे हसले आणि मग चिचाचा पेला पुढे आला. मी एका म्हाताऱ्या बाबांना तुटक्या स्पॅनिशमध्ये कालव्याबद्दल विचारलं. त्यांनी वरच्या उताराकडे बोट केलं, 'ओन्से' म्हणजे अकरा म्हणाले, आणि स्वतःच्या मक्याच्या शेताकडे बोट केलं. एवढंच.

हिमशिखा | ७ सप्टेंबर

भाऊ बरा आहे ना आता? चिवायच्या रात्री तुम्ही अगदी योग्य केलंत. पुढे पुनोला, ३,८०० मीटरला, त्रास झाला का?

कातळवाट | ८ सप्टेंबर

अजिबात नाही ताई. नऊ रात्री खाली-वर झाल्यावर पुनोत भाऊ माझ्यापुढे चालत होता. ला पाझला केबलच्या डब्यातून ४,१०० च्या वर एल आल्तोला गेलो तेव्हाही फक्त जिन्यावर धाप लागली. कुस्को तर पुण्यासारखं वाटलं.

मीठभाकर | ८ सप्टेंबर

टोप्यांबद्दल लिहा ना! बायकांच्या टोप्या पाहिल्यात का?

कातळवाट | ८ सप्टेंबर

पाहिल्या, आणि ते आम्हाला त्या मालकीणबाईंनीच समजावलं. चिवायच्या बाजूच्या बायका कोयागुआ, त्यांची पांढरी गवती टोपी, फीत लावलेली. कबानाकोंदेकडच्या कबाना, त्यांची गोलसर, काठापासून शेंड्यापर्यंत भरतकाम केलेली. बाजारात लांबूनच कोण कुठली ते कळतं. फार पूर्वी हा फरक डोक्याच्या आकारात होता. बाळाचं डोकं बांधून कोयागुआ ते उंच निमुळतं करायचे, आपल्या डोंगरासारखं, आणि कबाना रुंद चपटं. १५८६ सालच्या एका स्पॅनिश अहवालात ते नोंदलेलं आहे. स्पॅनिश सत्तेने त्यावर बंदी आणली, आणि ओळख आता टोपीवर आहे. भरतकाम पुरुषही करतात, शिलाई यंत्रावर, दुकानाच्या दारात बसून.

पाटकरी | ९ सप्टेंबर

ताई, काल रात्री तुमचा वृत्तांत घरी सगळ्यांना वाचून दाखवला. तुम्ही पाटात उतरलात, हे वाचून फार बरं वाटलं. एक विनंती. पाट जिथे मुख्य प्रवाहातून फुटतो, तिथे दार दगडाचं आहे की मातीचा बांध घालून वळवतात? फोटो असेल तर टाकाल?

कातळवाट | ९ सप्टेंबर

काका, दगड आणि हिरवळीची ढेकळं, दोन्ही. एक माणूस फक्त तेवढ्याच जागी बसला होता, ढेकूळ उचलायचा आणि ठेवायचा. फोटो भावाच्या कॅमेऱ्यात आहेत, रविवारी तो घरी आला की टाकते. त्यात काठावर बसलेल्या बायकांच्या टोप्याही नीट दिसतात.